बाबांचा चार मिनिटांचा स्कॅन

३ जुलै, गुरुवार
झालं एकदाचं! बाबांचा डिफ्युजन स्कॅन, म्हणजे मेंदूतले तंतू दाखवणारा एमआरआय – चार मिनिटांत! एरवी पंचवीस मिनिटं मान न हलवता पडून राहायचं. बाबांना खोकला दहा मिनिटंसुद्धा सोडत नाही. मी मशीन चालवते त्या आमच्या सेंटरवर चाचणीसाठी डीप लर्निंगचं सॉफ्टवेअर आलंय म्हणून जमलं. मशीनने थोडंच टिपायचं, उरलेलं सॉफ्टवेअर शिकलेल्या अंदाजाने भरतं.
मेंदूतल्या गाठीने बोलण्याचे तंतू नुसते बाजूला सारलेत, तुटलेले नाहीत. चित्र बघून मुंबईच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली, चौदा जुलै.
बाबा बाहेर येऊन म्हणतात, "झाला पण? मी अजून नीट आडवा नाय झालो गो!"

५ जुलै
ते सॉफ्टवेअर शिकलंय निरोगी मेंदूंवर. त्यात आम्हा सेंटरच्या चौघांचे स्कॅन आहेत – माझाही! मग बाबांच्या डोक्यात दिसले ते तंतू बाबांचेच कशावरून? आमचेच निरोगी तंतू त्याने तिथे भरले असतील तर?
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "माझी तयारी आहे. पण मशीन तुम्ही चालवता. खात्री नसेल तर थांबू."

८ जुलै
तारीख मी रद्द केली. घरी सांगितलं, डॉक्टरांनीच पुढे ढकलली. हर्षद मुंबईहून फोनवर ओरडला, "आपण गावचे म्हणून टाईमपास चाललाय काय?" सख्ख्या भावाशी खोटं बोलले. लाज वाटते.

१० जुलै
जुन्या पद्धतीचा पूर्ण स्कॅन फसला. नवव्या मिनिटाला खोकला. आता भूल देऊनच.

१४ जुलै
भूल देणारे डॉक्टर खेडहून यायचे होते. कशेडीला दरड कोसळली, रस्ता बंद.
आज ऑपरेशन झालं असतं.

१७ जुलै
पूर्ण स्कॅन झाला. दोन्ही चित्रं ताडून बघायला मुंबईला पाठवली. बाबांना सारख्या उलट्या, डोकं ठणकतंय. मी नको तो शहाणपणा केला का? नाही! खोट्या चित्रावर डोकं उघडलं असतं तर वाचा कायमची गेली असती. दिवसातून शंभरदा हेच घोकते. धीर मात्र येत नाही.

२० जुलै
पहाटे आकडीचा झटका आला. मुंबईला न्यायला निघालो, गाडी पोलादपूरलासुद्धा पोचली नाही. बाबा गेले.

२९ जुलै
दहावा. नदीवरून परत आलो आणि मुंबईचा मेल. दोन्ही चित्रं हुबेहूब जुळतात. तंतू बाबांचेच होते. शाबूत.
आई शेजारीच बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "तू होतीस म्हणून येवढं तरी झालं गो."