दुकानापुढचे दोन नवरे

वाणगाव, भाद्रपद शुद्ध दशमी, सन १९८८

सौ. ठकीस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळी बरी आहोत, म्हणजे माझा डावा गुडघा सोडून. तुझी कंबर, तुझी गाय आणि तुझी सासू (असेल तर) यांची खुशाली कळव.

पत्र लिहायचं कारण, रविंद्राची बदली होऊन आम्ही इथे आलो त्याला वर्ष झालं. तो स्टेशनात तिकिटाच्या खिडकीत बसतो. सुनेनं, निर्मलानं, स्टेशनाबाहेर थालीपिठाचं दुकान टाकलंय. भाजणी माझी, म्हणजे तिच्यात खोट नाही. पण लोक बघतात आणि पुढे जातात. रविंद्र म्हणाला, "आई, दसऱ्यापर्यंत बघू, नाहीतर तवा घरी." तवा घरी म्हणजे मीही घरी. मग सबंध दिवस समोरच्या क्वार्टरातल्या बाईची वाळवणं मोजायची. ते मला जमायचं नाही. म्हटलं, आपलं चालत नाही तर ज्यांचं चालतं त्यांचं बघावं. बघण्याचे कोणी पैसे घेत नाही.

आधी बाजारातला हिरू न्हावी बघितला. त्याचा वस्तरा एक आणि गिऱ्हाइकं चार, तरी एकही उठून जात नाही. का, ते शोधायला मी समोरच्या ओट्यावर सकाळभर बसले. (लोकांना वाटलं, माझा नंबर आहे.) तर गिऱ्हाईक आल्याआल्या तो प्रत्येकाच्या तोंडाला फेस फासून ठेवतो. तसं तोंड घेऊन माणूस जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी मीही तेच केलं. माणूस बाकावर टेकला की हातात लोणी-चटणी, थालीपीठ मागाहून. पण लोणी चाटून उठता येतं, हे ध्यानात आलं नाही. तिघे गेले. चौथ्याने आणखी मागितलं.

मग डहाणूचा मासळीबाजार. तिथे एक कोळीण मासा हाताळून पुढे जाणाऱ्याला असं काही बोलते की तो माघारी येऊन घेतोच. म्हटलं, हे तर माझं घरचंच काम. (हसू नकोस.) वाणगावला येऊन पहिल्याच माणसाला म्हटलं, "वास फुकट घेतलास, आता पळतोस कुठे?" तो नवा आलेला स्टेशनमास्तर निघाला. रविंद्र त्याची माफी मागून आला, आणि निर्मला म्हणाली, "आत्याबाई, आता बघणं पुरे."

पण डहाणूतलं एक फरसाणाचं दुकान राहिलं होतं. गाठिया साधाच, तरी दारात कायम माणसं. तीन दिवस एसटीने जाऊन बघत उभी राहिले. चौथ्या दिवशी शेठनेच विचारलं, "माजी, शुं जोईए?" म्हटलं, मला काही नको, तुझं दुकान का चालतं तेवढं सांग. तो म्हणाला, "बहार बे नवरा बेसाडो, माजी. बीजुं कांई नहीं."

बाहेर दोन नवरे बसवा, दुसरं काही नको. एवढं गुजराती आता मला कळतं, असं मला वाटलं. मला जन्मात एकच मिळाला, तोही गेला. पण शेठ जाणता माणूस, म्हणतोय तर काहीतरी असेल. रविवारी एक नवरा निर्मलाचा घेतला आणि दुसरा शेजारच्या नयनाचा, काशीनाथ, तो शाळेत गणित शिकवतो. धुतलेले सदरे घालून दोघांना बाकावर बसवलं. रविंद्र म्हणाला, "आई, आम्ही करायचं काय?"

"नवरे काय करतात? बसा."

आणि ठकी, गर्दी झाली! रविंद्राला लोकांनी खिडकीच्या भोकातूनच बघितलेला. अख्खा दिसल्यावर सवयीने त्याच्यापुढे रांगच लागली, सुरतेची गाडी किती वाजता म्हणून. काशीनाथाला पोरांचे बाप गाठायला आले. एवढे लोक कशाला जमलेत ते बघायला आणखी लोक थांबले, आणि थांबलेल्यांनी खाल्लं. दुपारपर्यंत भाजणी संपली. वर्षात पहिल्यांदा.

सोमवारी नवरे कामावर गेले, बाक ओस. मी तडक डहाणू गाठलं आणि भरल्या दुकानात शेठला विचारलं, "रोजच्या रोज दोन नवरे या वयात मी आणू कुठून?" सगळं दुकान असं हसलं की काट्यावरची पापडी सांडली. शेवटी बाहेरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने समजावलं. गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा, बिनकामाचा माणूस. दारात दोन रिकामे गप्पा मारत बसले की रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी चांगलं मिळतंय. "हुं पण नवरो ज छुं," म्हणाला, म्हणजे मीही तसलाच. सहा वर्षं तो तिथे बसतोय, दोन कप चहावर.

म्हणजे मी ऐकलं चुकीचं आणि केलं बरोबर. (दोन्ही भाषांत अर्थ फार वेगळा आहे, असंही मला वाटत नाही.)

तुझ्या घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. माझ्याहून मोठी एक तुझी सासूच, तिला नमस्कार.

तुझी
ताई

ता. क. तुझे यजमान जूनमध्ये रिटायर झाले ना? सबंध दिवस ओसरीवर बसून तुझ्या फोडणीत खोड काढतात, असं तूच लिहिलं होतंस. त्यांना दसऱ्याच्या आत इकडे धाडून दे. ते दोन्ही भाषांत बसतात.

पुन्हा ता. क. शेठ दोन म्हणाला होता. ओसरीवर त्यांच्याशी पत्ते खेळायला येतो तो कोण, त्यालाही गाडीत बसव. हे पत्र त्यांना दाखवू नकोस, डहाणूचे चिकू खायला बोलावलंय एवढंच सांग. आणि परत कधी पाठवू ते कळवलं नाहीस तरी चालेल.