सिरिलचे पिवळे स्नोड्रॉप

९ फेब्रुवारी
सिरिल आज आपणहून कुंपणाशी आला! इतकी वर्षं शेजारी राहतो, पण त्याच्या पिवळ्या स्नोड्रॉपची, ऐन थंडीत उमलणाऱ्या त्या चिमुकल्या फुलांची, एक पात मला मिळेल तर शपथ. साऱ्या गावाचे पांढरे, ह्याचेच तेवढे पिवळे — म्हणून जानेवारी लागला की स्वारी हवेत. आज विचारतो, "तुमच्या खिडकीखाली दुपारची सावली असते का हो?" असते म्हटलं. "हं," म्हणाला आणि गेला. हं म्हणजे काय?

२ मार्च
घात केला मी! फुलं सरली की पानं हिरवी असतानाच कंद हलवायचे. सिरिल मातीसकट एक जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून दारात उभा — आणि मी बोलून गेले, "थँक्यू!"
त्याचा चेहरा पडला. "अहो बाई! दिलेल्या झाडाचे आभार मानतात का कुणी? मेलं ते आता!" माझी आजीही हेच बजावायची. पुडकं घेऊन चालता झाला. रडूच आलं मला.

३ मार्च
सकाळी तो गुलाबांशी मोठमोठ्याने बोलत होता. "मी चर्चला चाललो रे. फाटकाला कडी नाही. चोरून नेलेलं मात्र हमखास जगतं, काय?"
एप्रनखाली खुरपं घेऊन गेले. या वयात चोरी! कालची जुडी लबाडाने मातीत नुसती टेकवूनच ठेवली होती. परत आल्यावर म्हणतो, "चोर फिरतायत गावात." म्हटलं, "जपून राहा."

१४ जून
पानं वाळली, कंद आता थंडीपर्यंत मातीत झोपणार. खिडकीखाली त्या जागेवर काठी रोवली, नाहीतर मीच विसरून खणायची.

२७ ऑक्टोबर
पाचोळा झाडला, सिरिलचाही. त्याचा खोकला हटत नाही. खिडकीतून ओरडला, "काठीपाशी दाताळं नको, चोरट्या बाई!"

८ जानेवारी
कोंब नाही. सिरिल आता अंथरुणालाच खिळलाय. रोज विचारतो, "आलं का?" खोटं बोलणार होते, जमलं नाही. त्या मेल्या थँक्यूनेच खाल्लं असणार!

२२ जानेवारी
सिरिलला आज पुरलं. त्याची मुलगी म्हणाली, "दोन शब्द बोला ना." कुंपण, गुलाब, चोरी — सगळं सांगितलं. लोक खूप हसले. आभार तेवढे मानले नाहीत. काठीपाशी सकाळीच पिवळी कळी दिसली होती.