चाकाला हात

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

धुण्याच्या मशीनचा ड्रायर अडला. बंद पडला असंही नाही — बटण फिरवलं की घूं करतो, आत काहीतरी थरथरतं, पण फिरत नाही. त्याच्याच बाजूचं धुण्याचं टप नेहमीसारखं चालतंय. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं आणि आजच हे!

माझी बायको खैरुन ओल्या ढिगापाशी नुसती उभी. जुलैत लकवा मारला तेव्हापासून तिचा उजवा हात लोंबतोय. पाय सावरला, जीभ तर दुसऱ्याच दिवशी सावरली, हात राहिला. स्वयंपाक माझ्याकडे आला, झाडलोट शेजारच्या सिताबाईकडे गेली. धुणं मात्र तिनं कुणाला दिलं नाही. डाव्या हातानं कपडा टपातून काढायचा, ड्रायरमध्ये टाकायचा, झाकण लावायचं — एवढंच राज्य उरलंय तिचं. मी म्हणालो, आण, मी पिळतो. तर म्हणाली, 'माझी साडी तुम्ही पिळणार? मग मी कशाला उरले?' (ती बोलते दख्खनीत. मी मराठीत उतरवतो. शाळा मराठीत झाली, वहीही मराठीच.)

शेवटी साड्या तशाच गळत्या दोरीवर. अंगणभर तळं.

मघाशी वही उघडली आणि ओळ आपोआप आली, शाळेतल्या चालीवर —

घुमते घुमते, फिरत न काही,
मनातले ते सांगत नाही!

सोळा-सोळा मात्रा. बोटांवर मोजल्या. गुरुजी असते तर वर्गासमोर उभं करून म्हणायला लावलं असतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बिभीषण येऊन गेला. आमच्या बेंबळी गावातले पंखे, मिक्सर, विहिरीवरच्या मोटारी सगळं त्याच्याच हातून जातं. बटण फिरवलं, कान लावला, घूं ऐकलं आणि उठला. मागचं झाकण उघडलंसुद्धा नाही.

'मोटर गेली, मास्टर. भंगारात घाला.'

चाळीस वर्षं बाजारात शिवणकाम केलं, दुकान मिटूनही पाच वर्षं झाली, तरी गाव मला मास्टरच म्हणतं. बरं वाटतं. आज मात्र नाही वाटलं.

संध्याकाळी लातूरहून उम्मेहानीचा फोन. लेक एकुलती, आवाज थेट आईचा. 'अब्बा, बास झालं आता. अम्मीला रविवारी घेऊन जाते. इथं धुण्याला बाई आहे, तिला काडी उचलावी लागणार नाही. तुम्हीपण चला.'

खैरुननं माझ्या हातातून फोन ओढला. 'मी काय गठुडं हाय, उचलून न्यायला?' पण फोन ठेवल्यावर उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीत घेऊन बसली. मला ठाऊक आहे, गेली की तिथं पलंगावर बसून राहील, आणि बसली की संपली. ज्या बाईला काडी उचलावी लागत नाही ती खैरुन नव्हे.

रविवारला पाच दिवस.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दिवसभर लाईट नाही. ड्रायरसमोर स्टूल टाकून बसलो. खैरुन म्हणाली, 'दर्गा हाय व्हय तो?'

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं!

सकाळी माझ्या जुन्या शिलाई मशीनवरची धूळ पुसत होतो. विकवलं नाही ते, खिडकीपाशी ठेवलंय. सवयीनं बसलो आणि पायडल दाबलं. चाक दोन बोटं हललं आणि अडलं. मग हसू आलं. उमेदवारीला बसलो तेव्हा उस्तादांनी पहिल्याच दिवशी याच चुकीसाठी कान पिळला होता — आधी चाकाला हात, मग पायडल. पायात जोर कितीही असू दे, पहिला धक्का हातानंच द्यावा लागतो. नाहीतर मशीन अडतं, नाहीतर उलटं फिरून दोरा तोडतं.

चाकावर हात तसाच राहिला. मनात आलं, ड्रायरचं हेच असेल तर? जोर आहे, म्हणून तर घुमतो. पहिला धक्का देणारं कुणी नाही!

पिन काढली. शिलाई मशीनच्याच पेचकसानं मागचे स्क्रू काढले. खाली मोटर, तिच्या डोक्यावर गोल चकती. वरचं झाकण लावून (उघडं असलं की ब्रेक लागतो) चकती हातानं फिरवली — लोण्यासारखी फिरली. म्हणजे आत मोजा-बिजा काही अडकलेला नाही. मग दुकानातला कापड मोजायचा लाकडी गज आणला, पायात रबरी चप्पल घातली, पिन लावली, बटण फिरवलं. घूं. गजाच्या टोकानं चकतीला एकदाच ढकललं —

आणि सुटला की हो! भिंगरीसारखा!

खैरुन दारात. 'मरायचंय का तुम्हाला? बंद करा आधी!' बंद केलं.

बिभीषणला फोन लावला. म्हटलं, मेलेली मोटर गजाच्या ढोसणीनं पळते का? त्यानं सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग, 'मास्टर, मागं पांढरी डबी दिसती का? तारा लावलेली? फुगलीय का बघा. हात लावू नका पण.'

फुगली होती. पुरी फुगते तशी.

'कपॅसिटर गेला मग. मोटरला पहिला धक्का तोच देतो.' आणि हळूच, 'बघायला पाहिजे होतं म्या.'

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जुम्म्याच्या नमाजवरून आलो तर बिभीषण नवी डबी घेऊन ओट्यावर बसलेला. सकाळच्या एसटीनं धाराशिवला जाऊन आणली होती. जुनीतला उरलासुरला करंट काढला, नवी जोडली. मला म्हणाला, 'आता तुम्ही शिवायचं सोडून माझ्या पोटावर पाय देणार व्हय?' मी म्हणालो, तू शर्ट शिवायला शीक, फिट्टंफाट.

बटण खैरुननं फिरवलं. घूं नाही. सरळ भिर्रर्र! झाकणावर तळहात ठेवून ती उभी राहिली, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा.

मी पाचवीतली अख्खी कविता म्हणून टाकली. एक कडवं विसरलो, तिथं माझं घातलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

उम्मेहानी आली. हातात रिकामी बॅग.

खैरुननं काल पिंपात पाणी राखून ठेवलं होतं. लेकीला ओट्यावर बसवलं आणि तिच्यादेखत सगळं धुणं काढलं. तीन साड्या, माझे दोन पायजमे, चादर. एक थेंब अंगणात पडला नाही. 'भर आता तुझी बॅग,' म्हणाली, 'वाळलेले कपडे देते.'

उम्मेहानी हसली. पण चहा घेताना माझ्याकडे बघून हळूच बोलली, 'मशीन नीट झाली, अब्बा. अम्मीचा हात कुठं नीट झाला? डॉक्टरांनी हाताची कसरत सांगितलेली, ती करते का ती?'

करत नाही. रबरी चेंडू दिलाय दाबायला, तो पिठाच्या डब्यात सापडला.

'तीन आठवडे,' उम्मेहानी म्हणाली. 'दोन डिसेंबरला येते. तोवर हातात काही फरक दिसला नाही तर नेणार. मग तुमचं ऐकणार नाही.'

सोमवार, १० नोव्हेंबर

तिला शिलाई मशीनसमोर बसवलं. उजवा हात उचलून चाकावर ठेवला, वर माझा. धक्का दिला, पायडल मी दाबलं. चाक सुटलं, तिचा हात त्याच्याबरोबर गेला आणि मांडीत पडला. परत ठेवला.

'मी काय ड्रायर हाय?'

म्हटलं, घुमण्यात तर कमी नाहीस.

रागावली. पण उठली नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

रोज शंभर वेळा. मी कविता म्हणतो, तिच्या चालीवर आमचे हात चाक ढकलतात. बोटं घसरतात.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज म्हणाली, 'तुमचा हात जड हाय. दाबू नका.' मी दाबतच नव्हतो. तो जोर तिचाच होता का? विचारलं नाही. नजर लागायची.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी अंगणात तोंड धूत होतो. आतून शिलाई मशीनचा आवाज आला — टक, टक, मग सलग, दुकानात यायचा तसा. चूळ तोंडातच राहिली.

घरात ती एकटीच होती.