शेवटच्या रिळाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय एक्याऐंशी, व्यवसाय चित्रपट-दिग्दर्शन (पुरा केलेला चित्रपट एकच), कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, तर स्वखुशीने हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. असं लेखी मिळण्याची ही पहिलीच वेळ. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती. हेही तसंच आहे, पण निदान शेवटचं आहे.

१. राहता फ्लॅट, गळक्या नळासकट, पुतणीला. नळ दुरुस्त करून घेणार होतो, राहून गेलं.

२. बँकेतली शिल्लक, माझा स्वयंपाक आणि माझी बडबड इतकी वर्षं सांभाळणाऱ्या बाईंना. यात कोणी तोंड घालू नये.

३. मेला समजून ज्याच्या नावाने सगळ्यांनी रडून घेतलं, तो माणूस घरी परततो आणि घरचे ओळखच देत नाहीत, एवढीच माझ्या चित्रपटाची गोष्ट. तेवढ्यावरून लोकांनी थिएटरच्या काचा फोडल्या. आता त्यांचीच नातवंडं त्यातले संवाद छातीवर छापून हिंडतात. ज्या समीक्षकाने तेव्हा 'घरादाराला लागलेली कीड' असं छापलं, तो हल्ली त्यावर व्याख्यानं देतो. त्याला काही नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला त्याला मृत्युपत्र लागत नाही.

४. शेवटचं रीळ. त्यात माणूस दार वाजवतो, म्हातारी दार उघडते. ती म्हातारी म्हणजे आमची आई. ती संवाद विसरली आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "झालं का रे? जाऊ मी आत?" मी तोच शेवट ठेवला. माझा धाकटा भाऊ निर्माता होता. प्रदर्शनाआधी त्याने तो कापला, आणि चित्रपट दारावरच्या थापेवर संपला. तेव्हापासून मी त्याला भेकड म्हणत आलो. मुलाखतींत, लग्नकार्यांत, आई गेली त्या दिवशीसुद्धा. आमचं बोलणं बंद आहे.

पुतणी त्याचीच मुलगी, चित्रपटांची संकलक. गेल्या महिन्यात तिने मला ओढून याच चित्रपटाच्या खेळाला नेलं. मी प्रेक्षकांत कधी बसत नाही. दिवे गेले की बाहेर सिगारेट. या वेळी बसलो. थाप पडली, पडदा काळा झाला, आणि अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं. छे! चांगला होता तो शेवट. माझा नुसता जळफळाट झाला.

बाहेर आल्यावर म्हटलं, "तुझ्या बापाच्या हातून चुकून बरं काम झालं."

"चुकून नाही, काका. पहिल्या चाचणी खेळाला लोक आजीला हसले. शिट्ट्या मारल्या. ती बाबांच्या शेजारीच बसली होती. तुम्ही बाहेर होतात."

"मग बोलला का नाही गाढव?"

"आजीने शपथ घातली होती. म्हणाली, थोरल्याला कळलं तर तो पुन्हा सिनेमा करणार नाही."

तसाही कुठे केला!

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. रीळ जोडा म्हणावं, तर लोक आईला पुन्हा हसतील. जाळा म्हणावं, तर बोलणारी आई तेवढीच उरली आहे. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. वकीलबाई वैतागल्या. आता पक्कं: रीळ पुतणीने जपावं, चित्रपटाला कधीही जोडू नये. आणि श्रेयनामावलीत 'शेवट' या शब्दापुढे धाकट्याचं नाव घालावं.

५. धाकट्या भावास: काहीही नाही. सुईसुद्धा नाही.

वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, निदान घड्याळ तरी ठेवा त्यांना."

पण त्याच म्हणाल्या होत्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. आणि साक्षीदाराला माझ्यासमोर येऊन सही करावी लागते. म्हणून त्याला काही नाही. प्रोजेक्टर भाड्याने आणून ठेवला आहे, रीळ चढवलेलं आहे.

ठिकाण: माझी खोली.
दिनांक: धाकटा येईल तो.
लिहून ठेवणार: दिग्दर्शक, थोरला भाऊ.
साक्षीदार १: प्रोजेक्टर चालवणारे गृहस्थ. (बाहेर बसले आहेत.)
साक्षीदार २: निर्माता, धाकटा भाऊ. (जिना चढवत नसेल तर खालून हाक मार. मी उतरतो.)