आत्याच्या वाट्याचा केक

प्रिय दौलत,

आशीर्वाद. तू पाठवलेला कागद पोचला, हळद पोचली, मेतकूटही पोचलं. सुदेश बिचारा दुबईच्या जबल अलीतल्या गोदामातली एकुलती एक सुट्टी मोडून अल ऐनला आला आणि दारातच म्हणाला, आत्या, दौलतकाकांनी बजावलंय, आधी कागद हातात द्यायचा, मग हळद. मी म्हटलं, आधी चपला काढ, मग जेव, मग काय ते दे. चार पोळ्या जास्त खाल्ल्यान. त्याच्या आईला कळव, पोरगं वाळलंय.

फोन न करता लिहितेय, कारण तुझ्या अडचणीचं काही निघालं की नेमका तुझा आवाज तुटतो. लिहिलेलं तुटत नाही. अक्षर वाकडं असेल. चौथीत होते तेव्हा तू जन्मलास आणि आईनं तुला माझ्या कडेवर दिला, तिथं शाळा संपली. त्याचं रडगाणं नाही. मास्तर तसाही मारकुटा होता आणि तू तसाही रडका. दोघांत तू बरा, एवढंच.

तर कागद. हक्कसोडपत्र. आपल्या अण्णांच्या ओढ्याकाठच्या शेतातला माझा वाटा मी सोडते, असं त्यात छापलंय. मी सही केली की सगळं तुझ्या नावावर, मग तुझा सतीश तिथं प्लॉट पाडणार, कमान उभारणार, हेही सुदेशनं जेवताना सांगितलं. त्याच्यावर ओरडू नकोस, मीच काढून घेतलं. आणि खरं सांगते, मी सही करणार होते. पोरीबाळींनी सही करायची असते, आपल्या आत्यानं केली, आईनं तिच्या भावांना केली, मी काय वेगळी? माझ्या उपेंद्रनं अबू धाबीच्या वकिलातीत शिक्क्यासाठी गुरुवारची वेळसुद्धा घेतली. कागद फ्रिजला खजुराच्या झाडाचं चुंबक लावून टांगला. आता मधल्या आठ दिवसांत काय झालं ते ऐक.

आमच्या कंपाउंडात समोरच्या घरात सिओने राहतो. टोंगा नावाचं बेटांचं राज्य आहे, पार समुद्राच्या मध्यात, तिकडचा. दारातून आडवा होऊन आत येतो एवढा मोठा. शाळेत पोरांना अंड्यासारखा चेंडू घेऊन एकमेकांच्या अंगावर पडायला शिकवतो, आणि त्याचा पगार मिळतो. त्याच्या लेकीचा पहिला वाढदिवस होता. आपल्याकडे लग्नाला नसतो एवढा थाट. हेमा म्हणाली, आई, तुम्ही नुसत्या बसा, कुणाला काही बोलू नका. सुनेनं सांगितलं म्हणजे मला हुरूप येतो.

तिथं सगळ्यांच्या पुढं, मधोमध, चटयांच्या ढिगावर एक बाई बसलेली. माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांत फूल. जो येतो तो वाकून तिच्यापुढं चटई ठेवतो, कापड ठेवतो. मग तीन मजली केकचा सगळ्यात वरचा मजला उचलून अख्खा तिच्यापुढं ठेवला. मला वाटलं, नैवेद्य झाला, आता वाटायचा. पोरं तोंडाकडे बघत होती. मी उठले, सुरी घेतली, आणि केकचे तुकडे करून पोरांच्या हातावर प्रसाद ठेवत गेले. नऊ पोरांना दिल्यावर कळलं की अख्खा मंडप माझ्या हातातल्या सुरीकडे बघतोय. हेमा तर पदर नसताना पदर शोधत होती. मिहिका धावत आली, आजी, स्टॉप, दॅट्स हर केक!

झालं असं, दौलत, की तो केक त्या बाईचा मान होता. कापायचा नव्हता. त्यांच्यात बापाची बहीण म्हणजे सगळ्यांत वरची. बारसं, लग्न, मयत, काही असो, आत्या पुढं बसणार, पहिला वाटा आत्याचा, पोराला नावसुद्धा बहुतेकदा तीच ठेवणार. ही सिओनेची आत्या, लोसा तिचं नाव. सिओनेला सख्खी बहीण नाही, म्हणून लेकीच्या वाढदिवसाला विमानानं हिलाच आणली. आणि मी तिच्या डोळ्यांदेखत तिचा मान पोरांना खाऊ घातला.

ती बघत राहिली आणि मग अशी हसली की चटयांचा ढीग हलला. मला हात धरून शेजारी बसवलं आणि उरलेला तुकडा माझ्या तोंडात कोंबला. म्हणाली, पन्नास वर्षं हे केक घरी नेतेय, वाटायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मिहिका मध्ये बसून इकडचं तिकडं सांगत होती. दुसऱ्या दिवसापासून ऊन उतरलं की लोसा आमच्या ओट्यावर, चहाला. मी तिला तुझ्या आशाच्या हळदीची पुडी दिली. वास घेऊन म्हणाली, आमच्यातही तान्ह्या पोरांना तेलातून लावतात. तेव्हाच मनात आलं, बाई कामाची आहे.

कामाची म्हणजे किती ते ऐक. त्यांच्या बेटावरची पहिली वकील बाई. हिच्या आत्यानं झाडाच्या सालीचं कापड कुटून कुटून विकलं आणि हिला न्यूझीलंडला शिकायला घातली. परत आली, पहिल्या दिवशी कोर्टात गेली, तर कारकुनानं हातात बादली दिली. हिनं बादली घेतली, न्यायाधीशापुढं ठेवली आणि तिथंच उभी राहून पहिला खटला चालवला. शेजारणीचं डुक्कर हिच्या पक्षकाराचे कंद खाऊन गेलं होतं. जिंकली. फी म्हणून त्याच डुकराची तंगडी मिळाली. मी म्हटलं, पुढचं सांग, माझं आत्ताच जेवण झालंय.

मग विधवांचे खटले, टाकलेल्या बायकांचे. प्रत्येकीचं घोडं एकाच जागी अडायचं. तिकडच्या कायद्यात जमीन मुलग्याच्या नावावर लागते, मुलीच्या नाही. आत्यापुढं केक ठेवतील, वाकून चालतील, पण पायाखालची जमीन भावाची. ही म्हणाली, मग कायदाच बदलायचा. निवडणुकीला उभी राहिली, पडली. सख्खा भाऊ समोरच्याचा प्रचार करत फिरत होता. पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. मग पाच वर्षं गावोगाव चटया विणणाऱ्या बायकांत जाऊन बसली, त्यांचे अर्ज लिहून दिले, चटई विणणं मात्र हिला जमलं नाही, बायका हिची वीण उसवून टाकायच्या. तिसऱ्यांदा एकतीस मतांनी आली. सभागृहाच्या दारावरच्या शिपायानं साहेबांच्या बायकांच्या गॅलरीचा जिना दाखवला. ही म्हणाली, बाबा, मला नवरा नाही, मी स्वतःच आलेय.

चौदा महिने मंत्रीण होती, मग काढली. बायकांना जमीन द्या म्हणून कायदा मांडला, तर तीन मतं पडली. पुन्हा मांडला, सात पडली. मी म्हटलं, अगं, हरलीस की दोन्हीदा. तर मला म्हणते, तिनाचे सात झाले ते दिसत नाही का तुला? एकाहत्तरावं चालू आहे, तिसऱ्यांदा लिहितेय. दर शनिवारी चार पोरींना घरी बोलावून वकिलीचे डाव शिकवते.

सोमवारी चहाला घरात आली आणि तिला फ्रिजवर तुझा कागद दिसला. वकिलाला कागद म्हणजे मांजराला मासळी. काय आहे म्हणाली. मिहिकाला मराठी वाचता येत नाही, तिच्या आईबापाची कृपा. म्हणून मी अक्षर लावून वाचत गेले, मिहिका इंग्रजी करत गेली. 'मी राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय' इथं तिनं थांबवलं. हे वाक्य कुणी लिहिलं? म्हटलं, गावच्या वकिलानं. तुला विचारून? मी म्हटलं, मला कशाला विचारतोय. मग तिनं विचारलं, तुमच्या देशात मुलीला बापाच्या जमिनीत हक्क आहे? मिहिकानं फोनवर पाहिलं. म्हणाली, येस, इक्वल. मुलाइतकाच.

लोसानं कप खाली ठेवला. मग म्हणाली, प्रभावती, ज्या एका ओळीसाठी मी चाळीस वर्षं भांडतेय, ती तुझ्याकडे आहे. आणि तू ती फ्रिजला टांगून ठेवलीस, सोडून द्यायला.

मी चिडले. म्हटलं, भावाशी असं वागलं की माहेर तुटतं. ती म्हणाली, माझा भाऊ नऊ वर्षं बोलला नाही. मी विचारलं, मग? म्हणते, मग काय, त्याच्याच नातीच्या वाढदिवसाला चटईवर कोण बसलं होतं? सिओनेचा बाप तोच तो भाऊ, समोरच्याचा प्रचार करणारा. हिच्या विमानाचं तिकीट त्यानंच काढलं. म्हणजे तुटत नाही, दौलत. ताणतं.

त्यावर मी दोन दिवस विचार केला. मला ते शेत नको. या वयात मी काय ओढ्यात म्हशी धुणार? पण आशाच्या बारशाला पाळण्याशी वाकून तिच्या कानात कुर्र कुणी केलं? मी. पाठीत धपाटे कुणी खाल्ले? मी. तुझ्या बायकोचा हात तर असा पडला की महिनाभर कूस बदलता आली नाही. ते काय नुसत्या आत्याबाईच्या साडीसाठी? जिला नाव दिलं, तिनं नवऱ्याच्या घरून परत आल्यावर ओढ्याकाठची ती दगडाळ जमीन नांगरली, बारा वर्षं हळद काढली, शिजवली, वाळवली. सतीशनं तिथं एक फोटो काढला. आणि गेल्या महिन्यात तू तिची सही घेतलीस. तीही राजीखुशीनं, असं छापलेलंच असेल.

तिची घेतलीस. माझी राहिलीय. गुरुवारची वकिलातीतली वेळ मी रद्द करायला लावली. दिवाळीला मिहिकाला घेऊन येतेय, तिला मराठी वाचायला शिकवायचं तुझ्या सातबाऱ्यावरूनच सुरू करणार आहे. माझ्या वाट्याचं अर्धं शेत मी बक्षीसपत्रानं आशाच्या नावावर करणार, आणि अर्ध्या शेतातून सतीशची कमान काही जात नाही. तुला नऊ वर्षं अबोला धरायचा तर धर, पण मी सत्तरीला टेकलेय, हिशेबानं परवडायचं नाही. त्यापेक्षा स्टेशनवर घ्यायला ये. येताना छत्री आण, मला ऊन सोसत नाही.

आता पान उलटून बघ. एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल की कागद एवढा जाड का. हक्कसोडपत्राची चार पानं होती, पाठ कोरी, फुकट घालवायची कशाला? तुला माझी सही हवी होती ना? राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, ही घे, खाली करते.

तुझीच थोरली बहीण आणि आशाची आत्या,
प्रभावती