बाबांसाठी एक आज्ञार्थी वाक्य

सिंगापूर, रविवार

आदरणीय बाबा, तुमच्या पायांशी बसून सुवार्तीचा सलाम.

मी मजेत आहे. मालकीण घरकामातून रविवारी सुट्टी देते, म्हणून इंग्रजीच्या वर्गाला जाते. वाक्यांचे चार प्रकार झाले, आता निबंध चालू आहेत. तुमचा माडाचा गूळ पुरवून खाते. आईचा गुडघा कसा आहे?

गेल्या रविवारचा निबंध ‘माझे वडील’ होता. बाई म्हणाल्या, "चारही प्रकारची वाक्यं हवीत." आम्ही जावा बेटावरच्या सहाजणी, आज्ञार्थी वाक्य एकीनंही लिहिलं नव्हतं. आमच्यातली तुमिनी म्हणाली, "बाई, वडिलांना कुणी हुकूम सोडतं का?"

"दिवसभर ऐकता ना हुकूम? मग एक तरी तुमचा लिहा!"

मी ती ओळ कोरीच ठेवली.

काल धाकट्याचा फोन आला. तुम्ही माडावरून घसरलात म्हणे, हात गळ्यात बांधलाय. तुमच्या पत्रात मात्र "इकडे सगळं ठीक" एवढंच, तेही आईच्या अक्षरात.

म्हणून आज ती ओळ भरली. इंग्रजीत पटकन जमली, आपल्या भाषेत लिहिताना तीन कागद फाडले. रागावू नका.

बाबा, आता माडावर चढू नका.

तुमच्या शब्दाबाहेर कधी न गेलेली,
सुवार्ती