विश्रांतीची ड्युटी

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.४०

तीन आठवड्यांची सक्तीची रजा. आज पहिला दिवस. ऑफिसनं ज्या समुपदेशक बाईंकडे पाठवलंय त्यांनी ही वही दिली. म्हणाल्या, काका, मनात येईल ते लिहा, कुणी वाचणार नाही. कुणी वाचणार नाही तर लिहायचं कशाला, असं तोंडावर आलं होतं. पण बाई माझ्या भाचीच्या वयाच्या. मान डोलावली.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. एकतीस वर्षं बस डेपोत ड्युटी लावतो. कुठल्या बसवर कुठला ड्रायव्हर, कुणाला कधी सुट्टी, सगळं माझ्या हातात. चौसष्ट ड्रायव्हर. गेल्या मंगळवारी पेन्सिल टेबलाखाली घरंगळली. काढायला वाकलो, जरा वेळ लागला. लोकांनी त्याचा बाऊ केला. बस्स, एवढंच.

२१ तारखेला बाई तपासणार आणि कामावर घ्यायला हरकत नाही असं लिहून देणार. तोवर डेपोत जायचं नाही, फोन करायचा नाही, ड्रायव्हरांशी बोलायचं नाही. तीन आठवड्यांची विश्रांती मी दहा दिवसांत उरकून टाकीन.

संध्याकाळी ६.००

विश्रांतीचा तक्ता तयार. पहाटे ५ ते ५.४० फिरणे. ५.४० ते ६ दीर्घ श्वास. दुपारी १ ते १.२० काहीही न करणे. बायको तक्ता बघून म्हणाली, अहो, यात जेवण कुठंय? राहिलंच होतं. ‘काहीही न करणे’मध्ये बसवलं.

मंगळवार, ४ मार्च. पहाटे ४.०५

जाग आली. यायचीच. रोज या वेळी उठून पहिल्या पाळीच्या ड्रायव्हरांना फोन करून जागं करतो. ऑफिसनं सांगितलेलं नाही, माझं मीच. पोटच्या पोरांसारखी आहेत सगळी. ज्याची सुट्टी असेल त्यालाही करतो, झोप नीट लागली का विचारायला. एवढं कोण करतं आजकाल?

फोन बायकोनं पिठाच्या डब्यात लपवलाय. मला माहीत नाही असं तिला वाटतं.

दीर्घ श्वास घेतले. अकरा झाले. उरलेले उद्या.

बुधवार, ५ मार्च

किती वाजले ते बघायला फोन पिठातून काढला. (भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याचा भरवसा नाही.) धाकटीचा मेसेज. धाकटी म्हणजे माझ्या हाताखालची कारकून, सध्या ड्युट्या तीच लावते. काका, तुमच्या खणाची किल्ली हवी होती, रजेचे अर्ज त्यात आहेत का?

सापडत नाही असं कळवलं. किल्ली चष्म्याच्या डबीत आहे. पण तिला काय कळणार? अर्ज आल्या आल्या मंजूर केला की माणसं सोकावतात. खणात पंधरा दिवस मुरू दिला की निम्म्या लोकांची गरज आपोआप मिटते. हे अनुभवाचं काम आहे, पुस्तकात मिळत नाही.

गुरुवार, ६ मार्च

डेपोत फोन करायचा नाही हे खरं. पण चौकशीच्या नंबरवर कुणीही प्रवासी फोन करू शकतो. आवाज घोगरा करून सहा दहाच्या बसची चौकशी केली. नेमका धाकटीनं उचलला. म्हणाली, सहा दहा वेळेवर सुटली काका, सात वीसही गेली. जेवलात का?

राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

शनिवार, ८ मार्च. सकाळी ९.१५

फिरायला गेलो. पाय आपोआप डेपोसमोरच्या स्टॉपवर गेले. पायांना तक्ता कळत नाही. बाकावर बसून पेपर तोंडासमोर धरला. पावणेदोन तासांत सव्वीस बस सुटल्या. सव्वीसच्या सव्वीस वेळेवर.

मन भरून यायला हवं होतं. आलं नाही. एखादी तरी रखडावी असं वाटत राहिलं. दोन-चार मिनिटांनी का होईना.

हे बाईंना सांगायचं नाही.

सोमवार, १० मार्च. दुपारी

बाईंकडे. खोलीत पंखा, दोन खुर्च्या, एक कुंडी. बाईंनी विचारलं, टेबलाखाली किती वेळ होतात? म्हटलं, पाचेक मिनिटं. त्यांनी कागद बघितला. म्हणाल्या, इथं चाळीस लिहिलंय. म्हटलं, घड्याळ पुढं असेल. मग, पेन्सिल सापडली का? मी गप्प. त्याही गप्प. या बाईंना गप्प बसण्याचा पगार मिळत असावा. शेवटी मीच सांगितलं की पेन्सिल माझ्या कानावर होती.

मग त्याच्या आधी काय झालं ते निघालं. ड्रायव्हर लांबू आला होता. खरं नाव आता मलाही झटकन आठवत नाही, बसच्या दारातून वाकून शिरावं लागतं म्हणून लांबू. त्याच्या तीन आठवडे आधी रजेचा अर्ज दिला होता त्यानं. त्या दिवशी खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, काका, माझा अर्ज परत द्या, तारीख गेली आता. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. मी खाली वाकलो. खाली गार होतं. वर यावंसं वाटेना. बाहेर चार जोड बूट येऊन उभे राहिले, कुणीतरी पाण्याचा ग्लास आत सरकवला. तरी वर यावंसं वाटेना.

रजा कशासाठी हवी होती त्याला, बाईंनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मी अर्जातलं कारण वाचत नाही. वाचलं की मन विरघळतं.

हे मी जरा अभिमानानं सांगितलं. बाईंनी नुसतं लिहून घेतलं.

मंगळवार, ११ मार्च

ठरलं. उद्या लांबूची साप्ताहिक सुट्टी. घरी जाऊन भेटायचं, दोन शब्द बोलायचे, पाठीवर हात ठेवायचा, विषय संपला. ड्रायव्हरांशी बोलायचं नाही असं बाई म्हणाल्या आहेत, पण ते कामाबद्दल. ही माणुसकी आहे. बायकोला सांगितलं नाही, उगाच काळजी करेल.

बुधवार, १२ मार्च. दुपारी ३.३०

हे लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

लांबू तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना चढून धाप लागली. दार त्याच्या आईनं उघडलं. म्हातारी माझ्याकडे तोंड करून उभी, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे. डोळ्यांवर साय धरल्यासारखी. म्हणाली, कोण? मला श्वास पुरेना. म्हणाली, मीटरवाले का?

मी हो म्हणालो. का म्हणालो? माझं तिथं असणं नियमात बसत नव्हतं, म्हणून असेल. तोंडातून निघून गेलं.

तशी ती हसली. म्हणाली, या बाबा, बरं झालं मीटरवाले निघालात. पोरानं खिडकीतून बघितलं, त्याला वाटलं ऑफिसातला म्हातारा आला. मला म्हणाला, मी घरात नाही म्हणून सांग, आणि जाऊन पडद्यामागं उभा राहिलाय.

पडदा खोलीच्या कोपऱ्यात. खाली दोन पाय दिसत होते. सव्वासहा फुटी माणसाला लपायला तो पडदा पुरण्यासारखा नव्हता.

म्हातारीनं हाक मारली, अरे ये बाहेर, मीटरवाला आहे. पाय हलले नाहीत. तो माझा आवाज ओळखणार नाही तर कोण ओळखणार, रोज पहाटे चार वाजता ऐकतो. म्हातारी म्हणाली, बघा, असा धसका घेतलाय पोरानं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा फोन वाजला की ताडकन उठून बसतो.

तिथून निघायला हवं होतं. पण तिनं हात धरून खुर्चीवर बसवलं आणि चहा टाकला. भांडं चाचपत, साखर बोटानं मोजत. मला नको म्हणवेना. चहा होईस्तोवर सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण सोबत घरचं माणूस असल्याशिवाय दवाखाना घेत नाही. पोराला रजा मिळाली नाही. आता पुन्हा रांग. म्हणाली, तो ऑफिसवाला वाईट नाही म्हणे, फार जीव लावतो. पण जीव लावणाऱ्यापुढं माणसानं बोलायचं कसं?

मी चहा प्यायलो. लांबू पडद्यामागं उभा. अर्धा तास तरी गेला असेल. त्याच्या सुट्टीतला अर्धा तास मी असा खुर्चीत बसून खाल्ला. एकदा त्यानं एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. मी मुद्दाम कपाकडे बघत राहिलो.

उठलो तर म्हातारी म्हणाली, अहो, मीटर राहिलं की. दाराशी मीटर होतं. मी चष्मा लावून आकडा वाचला आणि कागदावर उतरवून घेतला. तिनं विचारलं, बरोबर आहे ना? म्हटलं, बरोबर आहे.

गुरुवार, १३ मार्च

तक्त्यातलं काहीच केलं नाही.

बायकोला शर्टाच्या खिशात मीटरच्या आकड्याची चिठ्ठी सापडली. हे कुणाचं, म्हणाली. सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, मागल्या वर्षी माझ्या गुडघ्याच्या वेळी तरी कुठं रजा घेतलीत तुम्ही? शेजारणीला घेऊन गेले मी.

रागावून नव्हती म्हणत. आठवलं म्हणून म्हणाली.

मला तर वाटत होतं की मी सोबत गेलो होतो.

शुक्रवार, १४ मार्च

धाकटीला स्टॉपवर बोलावून किल्ली दिली. सापडली म्हणालो. ती म्हणाली, काका, खण पाच तारखेलाच उघडला, साहेबांनी कुलूप तोडायला लावलं. एकेचाळीस अर्ज निघाले. त्यातले तिघं तर रिटायर झालेत.

मग लांबूचा अर्ज? ती म्हणाली, त्याच्या आईसाठी नवी तारीख मागायला मी पत्र दिलंय ऑफिसचं.

मला चार वाक्यं बोलायची होती. बसच्या आवाजात राहून गेली. किल्लीचा काही उपयोग नव्हता, तरी तिनं ती पर्समध्ये नीट ठेवली. माझं मन राखायला. ही पोर माझ्या हाताखाली सहा वर्षं आहे आणि मी तिला एकदाही एकटीनं ड्युट्या लावू दिल्या नव्हत्या.

सोमवार, १७ मार्च

रडून भागणार नाही. नवा माणूस व्हायचं. कामावर गेल्यावर अर्ज दोन दिवसांत निकाली. कारण वाचायचं, मन विरघळलं तर विरघळू द्यायचं. दर महिन्याला बायकोला घेऊन बाहेर.

पहाटेचा फोन मात्र चालू ठेवायचा. तेवढी एक गोष्ट मी निर्मळ मनानं करत आलोय.

शुक्रवार, २१ मार्च. संध्याकाळी

बाईंनी लिहून दिलं, कामावर घ्यायला हरकत नाही. मी हुश्श केलं. तेव्हा त्या म्हणाल्या, अजून एक कागद आहे.

मी रजेवर असताना डेपोत सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला होता. कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी. त्यात एक प्रश्न: कामाचा सर्वांत जास्त ताण कशामुळे येतो? मी बाईंना सांगितलं, काय असणार, ट्रॅफिक, ऊन, प्रवाशांची हुज्जत. बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला.

चौसष्टांपैकी अठ्ठावन्न जणांनी एकच लिहिलं होतं. पहाटेचा फोन.

माझं नाव कुणीही लिहिलेलं नव्हतं. एकानं खाली बारीक अक्षरात जोडलं होतं, काका मनानं चांगले आहेत, म्हणून उचलावा लागतो.

उरलेल्या सहांचं काय, मी विचारलं. आशा सोडवत नाही माणसाला. बाई घुटमळल्या. मग म्हणाल्या, त्यांनी लिहिलंय की नंबर ब्लॉक केल्यापासून बरं आहे.

पंखा फिरत होता. ही तीन आठवड्यांची विश्रांती नक्की कुणाला दिली होती, ते विचारायचं माझ्या तोंडावर आलं. विचारलं नाही. बाईंनी पाणी दिलं, ते प्यायलो.

सोमवार, २४ मार्च. संध्याकाळी ७.१५

आज कामावर गेलो. ड्युट्या कायमच्या धाकटीकडे. मला हरवलेल्या वस्तूंची खिडकी. सात छत्र्या, एक कवळी, डाव्या पायाचा एक बूट. काम हलकं आहे.

दुपारी लांबू आला. सवयीनं सरळ माझ्यापुढं. हातात अर्ज. काका, मेच्या पंधराला आईच्या डोळ्याची तारीख मिळाली. म्हटलं, अरे, दोन महिने आहेत अजून, आत्ताच अर्ज? खाली बघत म्हणाला, सवय झालीय.

मीटरबद्दल तो बोलला नाही. मीही नाही. तिथंच माफी मागायची होती. वाक्य पाठ होतं. पण मी अर्ज हातात घेतला, चष्मा लावला आणि कारण वाचलं, जसा काही मीच मंजूर करणार होतो. मग त्याला धाकटीच्या टेबलाशी घेऊन गेलो. तिनं वाचून सही केली. अर्धं मिनिटही लागलं नाही. लांबूनं कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाला, थँक्यू काका.

मी म्हणालो, अरे, त्यात काय एवढं.

घरी येईपर्यंत छाती हलकी होती. चप्पल काढता काढता बायकोला सांगून टाकलं, लांबूची रजा आज मी मंजूर करून दिली. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, फार बरं केलंत हो.

आता आत भांडी लावतेय. मधूनच शेजारणीला खिडकीतून तेच सांगतेय. उठून आत जायला हवं आणि खरं काय ते सांगायला हवं.

अजून बसलोय.